मांडवाच्या कापडाचे चार तंबू

२० एप्रिल, रविवार

भाऊंनी शेवटी रान दिलं. दिलं म्हणजे काय — जेवताना ताटावरून मान न उचलता म्हणाले, "घे ते. तठे नही तरी कुसळच उगस."

सोनगीरच्या किल्ल्यामागचं आमचं मुरमाड. कपाशी येतच नाही. बाजरी येते अन् गुडघ्याएवढी होऊन थांबते. एक विहीर, एक लिंब, बाकी दगड. पण सकाळी पांघरुणातून डोकं काढलं की समोर किल्ला! याचे लोक पैसे देतात. मी मोबाईलवर अशा जागा पाहून ठेवल्यात. बाहेरून तंबू, आत पलंग, पंखा, पांढरी चादर, आरसा. संध्याकाळी शेकोटी, भरीत, कळण्याची भाकरी. त्याला ग्लॅम्पिंग म्हणतात.

बापाला हे समजावणं सोपं नाही. भाऊ हात धुता धुता थांबले.

"म्हनजे मानसे पैसा देईसन वावरमा झोपतीन?"

"हो."

"आपन जलमभर फुकट झोपनूत."

आई आतून म्हणाली, "झोपू द्या त्याले. कॉलेजमा झोप भेटनी नही त्याले."

मी ताट सरकवून उठलो. मग परत बसलो. भरीत अजून होतं.

२१ एप्रिल

कॉलेजचं एकदाच लिहितो, परत विषय नको. सरांनी माझी जर्नल वर्गासमोर फेकली. मी ती उचलली अन् त्यांच्याकडे फेकली. ते म्हणाले, माफी माग. मी म्हणालो, आधी तुम्ही. बस. इंजिनिअरिंग तिथे संपलं.

अख्खा वर्ग हसला. दिपमाला हसली नाही. ती पास होऊन घरी पण बसली, मी अजून त्याच बाकावर आहे असं वाटतं.

२४ एप्रिल

पुण्याच्या तंबूवाल्याला फोन लावला. त्याने किंमत सांगितली. मी विचारलं, चारची ना? तो म्हणाला, एकाची. मी ठेवला फोन.

आकिबला सांगितलं. आकिब म्हणजे माझा पार्टनर — धुळ्याचा, वडिलांचं गाद्यांचं दुकान, त्यामुळे गाद्यांची सोय झालेली आहे. तो म्हणाला, "भाई, एवढं जाड कापड, एवढे बांबू, एवढे दोर धुळ्यात कोणाकडे असतात? मांडववाल्याकडे. अन् धुळ्यात मांडववाला म्हटलं की रुपचंद नाना. अन् रुपचंद नाना म्हटलं की तू लाल का होतो?"

लाल नव्हतो झालो. ऊन होतं.

२६ एप्रिल, शनिवार

रुपचंद नानांच्या गोडाऊनला गेलो. दिपमालाचे वडील. सगळीकडे झालरी, कनाती, खुर्च्यांचे ढीग, राजाराणीच्या दोन खुर्च्या. नाना त्यातल्या राजाच्या खुर्चीवर बसून बिडी ओढत होते.

"लगीन कोनं?"

"लग्न नाही नाना. कॅम्प." सगळं सांगितलं.

"वऱ्हाड?"

"नाही."

"बँड?"

"नाही."

"मंग लोके येतीन कसाले?"

आकिब म्हणाला, शांततेसाठी. नाना म्हणाले, शांतता त्यांच्याकडे गोडाऊनला दुपारी असते, कोणी बघायला येत नाही.

टेबलाशी दिपमाला. खांदा अन् कान यांच्यात फोन, हातात टेप. फोन ठेवला अन् माझ्याकडे न बघता म्हणाली, "चार तंबू. वरून ताडपत्रीचं अस्तर लागेल, नाहीतर पावसात गाद्या गेल्या. खाली दगडाचं जोतं घाल. संडास किती?"

"एक."

"चार तंबूंना एक? दोन बांध. लोक किल्ला बघायला येतील, पण परत येतील ते संडास बघून."

इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा बोललो आम्ही. संडासाबद्दल. पण बोललो!

नानांनी जुना माल काढून दिला. गुलाबी अन् पिवळा. हल्लीच्या लग्नात कोणी घेत नाही म्हणे, सगळ्यांना पांढरा-सोनेरी पाहिजे. एका छताला आतून मोठ्या अक्षरात 'शुभविवाह' शिवलेलं आहे. उसवायला गेलं तर कापड फाटतं. नाना म्हणाले, तेवढं चालवी ले.

भाड्याचं दिपमालाने ठरवलं. मी सगळ्याला हो म्हणालो. आकिब माझ्या पायावर पाय देत होता.

४ मे, रविवार

तंबू उभे राहिले. हायवेवरून दिसतात. जरा जास्तच दिसतात.

सकाळी दहाच्या सुमारास पांढऱ्या टोपीवाले एक आबा अन् त्यांची म्हातारी फाट्यावर उतरून सरळ आत आले. आबांनी खिशातून पाकीट काढलं. "नवरदेव कोठे शे?"

मी म्हणालो, नवरदेव नाही.

"पळी गया का?"

नाही हो, लग्नच नाही! आबांनी चार तंबूंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, अन् म्हातारीला हळूच म्हणाले, "मोडनं वाटतं." म्हातारी माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लागली. मी ओरडलो. भाऊ धावत आले, त्यांना लिंबाखाली बसवलं, चहा दिला. जाताना आबा पाकीट ठेवूनच गेले. परत घेतच नव्हते.

दुपारपर्यंत अजून तीन कुटुंबं. एकाने स्टीलचा डबा दिला.

भाऊ म्हणाले, "धंदा बरा शे. जेवन वाढनं बी नही."

९ मे

ग्रामपंचायतीत नोंद करायला गेलो. कशाची नोंद? लॉज? नाही. हॉटेल? नाही. धर्मशाळा? नाही. बराच खल झाला. शेवटी 'तात्पुरता मांडव (झोपण्यासाठी)' असं लिहिलं.

११ मे

तंबूच्या आत दुपारी भट्टी. आकिबने पलंगावर पापड वाळत घातले. वाळले.

१४ मे

काल संध्याकाळी वावटळ आली अन् तीन नंबरचा तंबू उडून हायवेच्या पलीकडे ढाब्यावर जाऊन पडला. आम्ही पोचेपर्यंत ढाबेवाल्याने त्याच्याखाली दोन बाजा टाकल्या होत्या. द्यायला तयार नाही. "वरथून उना, देवनी दिन्हा," म्हणतो. मी त्याची कॉलर धरली. त्याने माझी धरली. आकिबने दोघांना लस्सी पाजली अन् तंबू आणला.

दिपमाला आज स्कूटीवर येऊन सगळे दोर परत बांधून गेली. मला एकही गाठ जमली नाही. तिचे हात बघत होतो, गाठ नाही.

१८ मे, रविवार

आज नाना रानात आले होते, कापड बघायला. दोर मापता मापता म्हणाले, "सुरतना एक पोऱ्या शे. हिऱ्यासना कारखानामा. दिवाळीनंतर पाहू, आते सीझन शे." माझ्याशी नाही, दिपमालाशी. ती म्हणाली, "दोर वाकडा धरलाय नाना."

मी विहिरीवर गेलो. बादली आत फेकली. ती काढायला आकिबला उतरावं लागलं.

म्हणजे दिवाळी. दिवाळीच्या आत कॅम्प चालला पाहिजे. मग नानांच्या समोर उभा राहीन अन् सांगेन — कॉलेज सोडलेला पोरगा नाही, मालक आहे. तुमची मुलगी द्या.

आकिबने विचारलं, "आधी दिपमालाला विचारशील ना?"

हे सुचलं नव्हतं.

१ जून

विचारायला धुळ्याला गेलो. तिला सांगितलं, एक बोलायचं होतं. ती म्हणाली, बोल. मी म्हणालो, संडासाच्या टाकीचं झाकण बसत नाहीये. ती म्हणाली, कडेला सिमेंट साचलं असेल, खरवड.

खरवडलं. बसलं झाकण.

१५ जून

पाऊस लागला. गवत आलं. किल्ला हिरवा. आता फोटो काढले अन् टाकले. दोन फोन आले. एकाने विचारलं, लग्नासाठी हॉल मिळेल का.

२९ जून, रविवार

काल पहिले पाहुणे आले! पुण्याचं जोडपं, दोघं एकाच कंपनीत. दोन रात्रींचं बुकिंग. भरीत आवडलं, भाकरी आवडली, संडासाचं मुलीने स्वतःहून कौतुक केलं. मी लगेच दिपमालाला मेसेज टाकला. तिने अंगठा पाठवला.

आज सकाळी मुलगा म्हणाला, आम्ही आजच निघतो. मी विचारलं, काय चुकलं? म्हणाला, काही नाही, सगळं मस्त. मग हळूच म्हणाला, "ते वर लिहिलंय ना… रात्रभर ती ते वाचत होती. पहाटे मला विचारलं, मग आपलं काय?"

एक नंबरच्या छताला आतून चादर मारली.

१३ जुलै

शनिवार-रविवार चारही तंबू भरले. नाशिक, इंदूर, जळगाव, मालेगाव. आई भाकऱ्या थापते तिथे पाहुणे जाऊन बसतात. एका बाईने तिला विचारलं, तुम्ही हे कुठे शिकलात? आई म्हणाली, भूक लागनी तठे.

आकिबचं खालच्या बाजूला वेगळं स्वयंपाकघर आहे, पाहुण्यांचं. शेवभाजी तो करतो.

१४ जुलै

जळगावच्या चार पोरांनी एक तारा दिला. 'किल्ला समोर आहे असे सांगितले होते. तो मागे होता.'

मी उत्तर लिहिलं : तुम्ही उलटे झोपला होतात. पुढे अजून बरंच लिहिलं. त्यांच्या चपलांबद्दल, वागण्याबद्दल, अन् परत फाट्यावर दिसलात तर काय होईल त्याबद्दल.

अर्ध्या तासात दिपमालाचा फोन. "डिलीट कर."

"पण चूक त्यांची—"

"हितेंद्र. डिलीट."

केलं. तिने पूर्ण नाव घेतलं होतं. असं वाटलं अजून एक-दोन वाईट उत्तरं लिहावीत.

२० जुलै

भाऊ आज पाहुण्यांना किल्ला दाखवायला घेऊन गेले. कोणी सांगितलं नव्हतं. इतिहास काय सांगितला माहीत नाही, पण परत आल्यावर सगळे त्यांना सर म्हणत होते.

धंदा चालतोय. लिहायला भीती वाटते, पण चालतोय.

२७ जुलै, रविवार

भाऊबंदकी जमली, म्हणजे आमचं अख्खं कूळ. पुढच्या रविवारी कानबाई बसणार, आमच्या खानदेशची श्रावणातली देवी; यंदा पाळी आमची. आमच्या घरात दहा माणसं बसली तर अकरावं दारात. भाऊबंदकी पन्नासच्या वर. लोटन आबा — भाऊंचे चुलतभाऊ, भाऊबंदकीत सगळ्यात वडील, त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही — त्यांनी घर बघितलं. मग रानाकडे बोट केलं.

"आठेच बसाडू. मांडव त उभाच शे."

मी म्हणालो, रविवारी चारही तंबूंचं बुकिंग आहे! आबा म्हणाले, पाव्हणे त्यांच्या तंबूत, आपण मोठ्या मांडवात, मायले कोनी नको म्हनाव नही.

मोठा मांडव दिपमालाकडून. त्या दिवशी सगळ्या धुळ्यात ओढाताण असते, तरी दिला.

१ ऑगस्ट

पाहुण्यांना समजावून सांगायला मजकूर तयार केला. दिपमालाने तपासला, चार ठिकाणी 'सक्त मनाई' लिहिलं होतं ते काढायला लावलं. शेवटचा असा आहे :

'नमस्कार. रविवारी आमच्या कुटुंबात कानबाई मातेची स्थापना आहे. आपण दर्शन घ्यावे, गाणी ऐकावीत, फोटो विचारून काढावेत. मातेच्या नावाने दळलेल्या गव्हाचा जो स्वयंपाक होतो त्याला रोट म्हणतात. पुऱ्या, पुरणपोळी, खीर. तो फक्त आमच्या भाऊबंदकीनेच खायचा असतो, बाहेर द्यायचा नसतो. आपले जेवण वेगळे आहे व तितकेच चांगले आहे.'

खाली सारिकाताईचं एक वाक्य घालावं असं वाटलं होतं, दिपमाला नको म्हणाली. सारिकाताई म्हणजे माझी सख्खी बहीण, नशिराबादला दिलीय. वीस वर्षं तिने हाच रोट खाल्ला. लग्न झालं, संपलं. एका माणसाला एकाच घरचा रोट. आता तिचा नशिराबादचा. आमच्याकडे कानबाईला आली तर गाणी तीच सगळ्यात जास्त म्हणते अन् जेवायला तिला वेगळी भाकरी. दरवर्षी म्हणते, "मन्ही माय, मन्हं घर, अन् मी पाव्हनी!" दरवर्षी सगळे हसतात.

३ ऑगस्ट, रविवार

आज नाही. उद्या लिहीन. लिहवलं तर.

४ ऑगस्ट

लिहितो.

सकाळी कानबाई बसली. मोठा मांडव भरला. आई, काकू, सगळ्या बायकांनी रोटाचा स्वयंपाक विहिरीजवळच्या चुलीवर केला. आकिब त्या बाजूला फिरकलाही नाही. म्हणाला, "तुमच्या रोटाची मला तुझ्यापेक्षा जास्त भीती आहे." पाहुण्यांच्या पुऱ्या तो खाली तळत होता.

पाहुणे — इंदूरचं एक कुटुंब, नवरा-बायको अन् नवऱ्याची आई. नाशिकच्या दोन बँकेतल्या बाया. बाकी दोन तंबूंतले किल्ल्यावर गेलेले.

दुपारी पावसाची जोराची सर. मोठ्या मांडवाचा मधला दोर सैल पडला, पाणी साचून छताला पोट आलं. खाली कानबाई, पन्नास माणसं! मी खांबावर चढून ओरडत होतो. कोणाला, ते माहीत नाही. तेवढ्यात दिपमाला. धुळ्याहून स्कूटीवर, नखशिखांत भिजलेली. कोणी बोलावलं नव्हतं. म्हणाली पाऊस बघून निघाले, मधला दोर धरणार नाही हे माहीत होतं.

"हा धर. सोडू नको."

मी धरला. तिने बांबूने पाणी उलटं काढलं, दोर ओढला, गाठ मारली. मांडव ताठ. आबा म्हणाले, वा बेटा.

मग ती माझ्याकडे वळली अन् म्हणाली, "भूक लागली मला."

एवढंच म्हणाली. इतक्या दिवसांत तिने माझ्याकडे काही मागितलेलं हे पहिलं. मी पळालो. खाली आकिबकडे जायला दोन मिनिटं लागतात. विहिरीजवळ झाकलेलं टोपलं होतं, शेजारी पातेलं. उचललं. पाहुण्यांचं टेबल मांडलेलंच होतं, तेही भुकेले. तिला तिथेच बसवलं. मी वाढलं. पुऱ्या, खीर. स्वतःच्या हाताने! इंदूरच्या सासूबाई म्हणाल्या, "ऐसी पूरी तो हमारे यहाँ भी नहीं." त्यांना परत वाढलं. दिपमालाने ताटाला हात लावून नमस्कार केला अन् सावकाश जेवली. घाई नाही, बोलणं नाही. तिला खीर तीनदा वाढली. ती नाही म्हणाली नाही.

मग आकिब पुऱ्यांचं घमेलं घेऊन आला.

"हे कोणाला?"

मी टोपल्याकडे बघितलं.

आई आली. तिने पण टोपल्याकडे बघितलं. मांडवातली गाणी एक एक करून थांबली. सारिकाताई शेवटी थांबली, तिचं लक्ष नव्हतं.

काकू रडायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, पोऱ्यानी धंदापायी रोट इकी टाका. मी म्हणालो कोण बोललं ते पुढे या! कोणी आलं नाही. मी म्हणालो, काय करू, पोटातून काढू का आता? भाऊ म्हणाले, "हितू, गप."

लोटन आबा उठले. टेबलापाशी आले. इंदूरच्या माणसाला विचारलं, "आपने खाया?"

"हाँ जी, पेट भर के."

आबांनी डोळे मिटले. मग कानबाईकडे बघून हात जोडले. "मायना रोट वाया जात नही. ज्यास्नी खादा, त्या आपला. आजपासून ह्या बठ्ठा आपला भाऊबंद."

इंदूरच्या माणसाला आकिबने सांगितलं काय झालं ते. त्याने उठून आबांना मिठी मारली. आबांनी नियम सांगितले — दरवर्षी यायचं. तुमची मुलं आमच्यात द्यायची नाहीत, आमची तुमच्यात येणार नाहीत, आता भाऊ-बहीण झाली. अन् आमच्यात कोणी गेलं तर सुतक पाळायचं.

"सूतक में क्या नहीं करना होता?"

आबांनी सांगितलं. तो म्हणाला, चलेगा. नाशिकच्या बायांनी एकमेकींकडे बघितलं अन् त्या पण हो म्हणाल्या. त्यातली एक रडत होती. आनंदाने, असं तिने सांगितलं.

मग आबा दिपमालाकडे वळले.

"अन् तू, बेटा? खादं?"

"हो आबा."

"कितलं?"

"पोटभर."

आबा खूश झाले. खरंच खूश झाले. "मंग तू बी आमनी आंडेर. भाऊबंदकीनी पोर. शनवारले राखी शे. ये, अन् हितूले राखी बांधी दे, म्हनजे बठ्ठं पक्कं."

सगळे हो हो म्हणाले. काकूंनी डोळे पुसले.

दिपमाला ताटातली शेवटची पुरी खात होती. खाऊन झाली. मग म्हणाली, "येते शनिवारी."

५ ऑगस्ट

स्वतःच्या हाताने बहीण केली. तीनदा खीर वाढून.

आकिब म्हणतो, नियमाला काहीतरी फट असेल. तो सकाळपासून आमच्या भाऊबंदकीतल्या म्हाताऱ्यांना फोन लावतोय. तिघांनी त्याला पुढच्या वर्षीचं आमंत्रण दिलं.

६ ऑगस्ट

इंदूरवाल्याने पाच तारे दिले. एवढं मोठं लिहिलंय. 'होटल नहीं है, खानदान है.' संध्याकाळपर्यंत दिवाळीपर्यंतचे सगळे शनिवार गेले. पुढच्या कानबाईला येऊ का म्हणून आठ फोन.

धंदा चालला. दिवाळीच्या आत चालला. आता नानांसमोर उभा राहून काय मागू?

पलंगाला लाथ मारली. पलंग दणकट आहेत.

७ ऑगस्ट

दिपमालाला फोन केला.

"शनिवारी येणार?"

"येणार. मांडवाचं कापड पण न्यायचंय."

"राखी…"

"काय राखी?"

मी म्हणालो काही नाही. ती म्हणाली, "तू कधी कोणाला काही धड विचारतोस का रे? का नुसता ओरडतोस?" अन् ठेवला.

मी तर हळू बोलत होतो.

८ ऑगस्ट

सारिकाताई नशिराबादहून आली. म्हणाली, "बरं झालं, दोघी मिळीसन बांधू." तिच्याशी बोलत नाही.

आबांनी उद्यासाठी पाट धुवून ठेवायला सांगितलाय. मी धुतला. काय करणार.

९ ऑगस्ट, शनिवार

मला पाटावर बसवलं. समोर ताट, निरांजन, दोन राख्या — दुसरी आबांनी स्वतः विकत आणलेली. दिपमाला आली. चप्पल काढली, डोक्यावरून ओढणी घेतली, अन् उभीच राहिली.

आबा म्हणाले, "बांध बेटा."

ती म्हणाली, "आबा, रविवारी आमच्या घरी पण कानबाई होती."

"मंग?"

"मी घरचा रोट खाल्ला नाही. सकाळपासून उपाशी होते. इथे येऊन खाल्ला. हितेंद्र काय वाढतोय ते त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

सारिकाताई म्हणाली, "म्हनजे मन्हासारखं. माहेरना रोट सोडा, सासरना खादा." आबांनी ताटातली आपण आणलेली राखी उचलून खिशात घातली, अन् मला म्हणाले, "ऊठ रे. पाटवरथून ऊठ."